पावणा जेवून जाऊ दे

राष्ट्राध्यक्ष निवास, तामारे
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्ना,

हातानं आणि मराठीत लिहितोय, याचं कारण प्रेम आहेच. पण खरं कारण असं की या इमारतीत माझं एकही वाक्य माझ्यापुरतं राहत नाही. ईमेल तीन सचिव वाचतात, फोनवर चौथा कान लावून असतो. मराठी मात्र इथे कुणालाच वाचता येत नाही. आमच्या पणजोबांना उसाच्या मळ्यांसाठी कोकणातून जहाजात घालून या बेटावर आणलं, तेव्हा भाषाही बरोबर आली होती. आता तिच्यातल्या दोन आरत्या आणि चार शिव्या उरल्यात. मला जी येते ती पुण्याच्या वसतिगृहात अर्धी आणि अवसरीत, तुझ्या माहेरी, तुझ्या आईच्या चुलीपुढे बसून अर्धी शिकलेली आहे.

राष्ट्राध्यक्ष होऊन दीड वर्ष झालं. तू अभिनंदनाच्या पत्रात लिहिलं होतंस, 'आता मनासारखं काम करता येईल.' मलाही तसंच वाटायचं. पीएच.डी. झाली तेव्हा वाटलं प्राध्यापक झाल्यावर करू. परदेशात वीस वर्षं शिकवलं, मग इथल्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर झालो, मग अर्थमंत्री. दर पायरीला वाटायचं, अजून एक पायरी वर गेलं की खरं काम. आता वर पायरीच उरली नाही आणि काम काही होत नाही. सकाळी राजदूतांशी हात मिळवतो, दुपारी फीत कापतो, संध्याकाळी दोन मंत्र्यांची गाडीवरून चाललेली भांडणं सोडवतो.

एक काम मात्र मी करणारच आहे. इथलं कालव्याचं पाणी सरकारी फाटकवाल्यांच्या हातात आहे आणि ते ओळखीपाळखीनं सुटतं. ते सगळं काढून मी पाणी शेतकऱ्यांच्या गटांकडे देतोय. प्रत्येक शेताला आठवड्यातला एक वार. ज्याचा वार, त्याचं पाणी. हे कुठून आलं ते तुला सांगायला नको. तुमच्या ओढ्यावरची सामाईक विहीर, सात वाटेकरी, सात वार. ना कुलूप, ना अधिकारी, ना कागद, आणि चाळीस वर्षांत एकानंही दुसऱ्याचा वार मोडलेला नाही. १९८९ साली माझ्याबरोबर उन्हातान्हात फिरून तू फॉर्म भरलेस, म्हणून माझा प्रबंध झाला, पुस्तक झालं, आणि खरं सांगायचं तर हे राष्ट्राध्यक्षपदही त्याच विहिरीतून निघालं.

पुढच्या महिन्यात संसदेत भाषण आहे. विहिरीचा एक चांगला फोटो पाठव.

तुझा,
वासूदादा


खोडद, ता. जुन्नर
२५ फेब्रुवारी २०२५

वासूदादा,

महामहिम लिहायचं होतं, पण माझ्या आईच्या चुलीपुढे बसून भाकरी जळेपर्यंत वाद घालणाऱ्या माणसाला तसं लिहायला हात धजेना.

तुझं पत्र आलं आणि मी चूक केली. ते बाळासाहेबाला दाखवलं. माझा भाऊ सध्या गावात पुढारी म्हणून मिरवतो हे तुला माहीत आहेच. त्यानं अवसरीत दवंडी पिटायचीच काय ती बाकी ठेवली. "आक्का, आपली हीर आंतरराष्ट्रीय झाली की!" असं म्हणून त्यानं विहिरीवर लोखंडी बोर्ड लावायला घेतलाय. 'जागतिक कीर्तीची सात वारांची विहीर.' त्या विहिरीकडे आता कुत्रं फिरकत नाही. डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी आल्यापासून सगळ्यांच्या मोटरी तिकडेच. फोटोसाठी बाळासाहेबानं कडेची बाभळ तोडली. तो फोटो सोबत आहे. मधे हात बांधून उभा आहे तो तोच.

तुझ्या कायद्याचं वाचून आनंद झाला. पण दादा, एक विचारू? आमची विहीर म्हणजे सात घरची भाऊबंदकी. तिच्यावरून अख्ख्या देशाचा कायदा करायचा म्हणजे जरा जास्तच होतं असं मला वाटतं. वाराचं एवढं काय घेऊन बसलास? तुझ्या तिकडच्या लोकांना विचार, त्यांना काय हवंय ते. मी आपली प्राथमिक शाळेतली बाई, आता रिटायर. मला अर्थशास्त्रातलं काय कळतं!

आमच्या सुनीलरावांना गुडघ्यांचा त्रास आहे. इथल्या रेडिओ दुर्बिणीवरून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण अजून सकाळी उठलं की गच्चीवरून अँटेना मोजतात.

तुझी,
रत्ना


तामारे
२२ मार्च २०२५

प्रिय रत्ना,

तुझा विनय काही जात नाही. 'मला अर्थशास्त्रातलं काय कळतं' असं तू १९८९ मध्येही म्हणायचीस आणि मग मी चुकीचा प्रश्न विचारला की तोंड फिरवून हसायचीस.

भाषण झालं. फोटो भिंतभर दाखवला. बाळासाहेब आमच्या संसदेत आठ मिनिटं हात बांधून उभा होता, त्याला सांग. कायदा सहा मतांनी पास झाला. सहाच! माझ्याच पक्षाचे दोघं चहाच्या निमित्तानं बाहेर निघून गेले. विरोधी बाकावरचा एक जुना मास्तर उठला आणि म्हणाला, "राष्ट्राध्यक्ष महोदय, त्या विहिरीवर सगळ्यात कमी पाणी कुणाला मिळत होतं?" या लोकांना विषय समजावून घ्यायचाच नसतो. मी शांतपणे सांगितलं, सात वाटेकऱ्यांना विचारलं होतं, 'पाण्याच्या वाटणीबद्दल काही तक्रार आहे का?' सातही जण 'नाही' म्हणाले. फॉर्म माझ्याकडे आहेत. तो खाली बसला.

आता अंमलबजावणी. अधिकारी इतके सावकाश चालतात की एखाद्याला धक्का मारावासा वाटतो. पण एप्रिलपासून दक्षिणेकडच्या कालव्यावर वार सुरू होतील.

तुझा,
वासूदादा


खोडद
१४ एप्रिल २०२५

वासूदादा,

कांदा काढणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, माझं डोकं आधीच तापलेलं आहे. म्हणून थोडक्यात लिहिते.

तो जुना मास्तर मूर्ख नाही. मास्तर सहसा नसतात. त्यानं विचारलं ते तू परत एकदा बघ. तुझ्याकडे फॉर्म आहेत ना? मग त्यात वारांची यादी काढ. बुधवार कुणाचा होता आणि गुरुवार कुणाचा, ते बघ. कुणाची मोटर किती हॉर्सपॉवरची, तेही लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. तू वार मोजलेस. पाणी मोजलंस का?

याहून जास्त मला लिहवत नाही. त्या यादीतले रखमाजी म्हणजे माझे वडील होते आणि ते आता नाहीत.

रत्ना


तामारे
९ जून २०२५

प्रिय रत्ना,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र जरा तुटक होतं; वडिलांची आठवण येत असणार. रखमाजीकाकांसारखा माणूस मी परत पाहिला नाही. दीड वर्ष त्यांनी मला घरात ठेवलं, एक दिवसही परकं वाटू दिलं नाही. यादी मी बघितली. बुधवार काकांचा, गुरुवार साळुबाईंचा. प्रत्येकाला एकच वार. मोटरी वेगवेगळ्या होत्या, पण गुंतवणूक ज्याची त्याची. त्यात तुला काय खटकतंय ते मला कळलं नाही.

आणि आता आनंदाची बातमी. इथल्या पेपरांनी कोल्हेकुई चालवली होती की दक्षिण कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही. मी म्हटलं, कागद पुरे, स्वतः जातो. बोआ-सेक नावाचं शेवटचं गाव आहे. गटप्रमुख फार उमदा माणूस. माझ्याच पक्षाचा, कालव्याच्या तोंडाशी त्याचा मोठा मळा आहे. वर तिथेच, त्याच्या ओसरीवर उतरलो. जेवण काय केलं होतं! नारळातला मासा, फणसाची भाजी, तुझ्या आईच्या मासवडीची आठवण यावी असा रस्सा. मग बोआ-सेकच्या, शेपटाच्या शेतकऱ्यांना तिथे बोलावलं. एक विधवा बाई आली, मार्था नाव तिचं, सगळ्यात शेवटचं शेत. मी स्वतः विचारलं, "बाई, पाण्याची काही तक्रार?" ती हसून म्हणाली, "सगळ्यांना सारखं मिळतं, साहेब."

रत्ना, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षांपूर्वी विहिरीवर भेटली तेव्हा साळुबाई अगदी हेच म्हणाली होती! दोन समुद्रांपलीकडच्या दोन बायका, एकच वाक्य. सिद्धांत खरा ठरणं म्हणजे याहून वेगळं काय असतं? पुढच्या महिन्यात अख्ख्या देशात कायदा लागू करतोय.

तुझा,
वासूदादा


खोडद
२८ जून २०२५

वासूदादा,

तुझं पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं. सुनीलराव म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "या शेजारच्या अँटेना कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं ऐकतात, आणि या शहाण्याला मी कानाशी ओरडले तरी ऐकू येत नाही." आता नीट ऐक.

तू कुणाच्या घरी जेवलास?

हसू नकोस, मी जेवणाची चौकशी करत नाहीये. आमच्याकडे पाहुणा ज्याच्या घरी उतरतो, त्याच्याबद्दल वाईट शब्द त्या पाहुण्याच्या कानावर घालायचा नसतो. त्यानं पाहुण्याचं अन्न कडू होतं. भांडण असलं तर पाहुणा गेल्यावर काढायचं. लहान पोरालाही हे कळतं. तू आमच्या घरी उतरलास. विहिरीतला सगळ्यात जबर वाटेकरी माझा बाप, आणि तू त्याच्या ताटाला ताट लावून जेवायचास. मग गावात फिरून विचारायचास, विहिरीवर सगळं ठीक आहे ना? कोण नाही म्हणणार होतं? तू यायच्या आदल्या दिवशी वडिलांनी भाऊबंदांना ओट्यावर बसवून सांगितलं होतं, "पावण्याच्या ताटात घरची भांडनं वाढायची न्हाईत." सगळ्यांनी माना डोलावल्या. साळूकाकीनंसुद्धा.

बाकी सगळ्यांच्या मोटरी तीन हॉर्सपॉवरच्या होत्या. आमची साडेसातची. बुधवारी ती सकाळी सुरू व्हायची ती विहिरीनं खरवडल्यासारखा आवाज केला की मगच बंद व्हायची. विहीर भरायला एक दिवस आणि एक रात्र लागायची. म्हणजे शुक्रवारच्या माणसाला पाणी मिळायचं. गुरुवारी साळूकाकीच्या मोटरीला गाळ. तिचा वार कुणीच मोडला नाही, हे तुझं खरं आहे. तिचा वार तिलाच होता, कोरडा. तिची दीड एकर जिराईतच राहिली. वांग्याची रोपं तीनदा लावली, तीनदा वाळली. भागू, तिचा मुलगा, आठवीतून शाळा सोडून मंचरच्या बाजारात पाट्या उचलायला गेला. आमचा बुधवारचा ऊस मात्र रस्त्यावरून दिसायचा. त्या उसावर माझं डी.एड. झालं.

हे मला तेव्हा माहीत होतं. मी बावीस वर्षांची होते, तुझ्याबरोबर फॉर्म घेऊन फिरत होते, आणि गप्प बसले. बापाच्या विरुद्ध कशी बोलू? नंतर तू मोठा होत गेलास आणि सांगणं आणखी अवघड होत गेलं. तुझं पुस्तक आलं तेव्हा सांगायला हवं होतं. गव्हर्नर झालास तेव्हा. दर वेळी म्हटलं, जाऊ दे, पुस्तकात लिहिलंय, त्यानं कुणाचं काय जातंय. आता जातंय. तुझी ती मार्था खोटं बोलली नाही, दादा. ती पाहुणचार करत होती.

कायदा थांबव. आई शप्पथ सांगते, थांबव.

रत्ना


खोडद
३० ऑगस्ट २०२५

वासूदादा,

दोन महिने झाले. काल तुझ्या कार्यालयाकडून जाड पाकीट आलं. सोनेरी शिक्का. मी घाईघाईनं फोडलं. आत छापील इंग्रजी कागद: 'माननीय राष्ट्राध्यक्षांना आपलं पत्र मिळालं. आपल्या सदिच्छांबद्दल ते आभारी आहेत.' खाली रबरी सही.

सदिच्छा! जे लिहायला पस्तीस वर्षं लागली, ते सगळं लिहून मी तुला सदिच्छा पाठवल्या होत्या का? मराठी वाचणारं तिथे तुझ्याशिवाय कुणी नाही, असं तूच लिहिलं होतंस. म्हणजे ते पत्र तूच वाचलंस आणि तूच ही पावती पाठवायला सांगितलीस. राग आला असेल तर शिव्या दे. चार शिव्या उरल्यात म्हणाला होतास ना, त्या वापर. पण रबरी सही पाठवू नकोस.

बाळासाहेबाचा बोर्ड लागला. आमदारांच्या हस्ते अनावरण झालं. मी गेले नाही.

रत्ना


तामारे
२१ सप्टेंबर २०२५

रत्ना,

हो. ती पावती मीच पाठवायला सांगितली. लाज वाटते, पण तेव्हा राग जास्त होता.

तुला काय वाटतं, मी काय वाचलं त्या पत्रात? 'पाणी अडतंय' एवढंच वाचलं असतं तर बरं होतं. मी वाचलं की माझा प्रबंध, माझं पुस्तक, चार विद्यापीठांतली भाषणं, निवडणुकीतलं प्रत्येक पोस्टर हे सगळं तुझ्या वडिलांनी ओट्यावर बसून सांगितलेल्या एका वाक्यावर उभं आहे. आणि ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! तू माझ्या शेजारी बसून लिहीत होतीस. माझी थट्टा करायचीस, उच्चार सुधारायचीस, भाकरी थापायला शिकवायचीस. एवढं एक सांगता आलं नाही?

कायदा जुलैत देशभर लागू झाला. थांबवला नाही. म्हटलं, एका विहिरीची गोष्ट आहे, एका बाईच्या मनात काहीतरी सलतंय, देश त्यावर चालत नाही. ऑगस्टमध्ये शेपटाच्या तीन गावांतून माणसं शहरात कामाला यायला लागली. अधिकाऱ्यांना विचारलं, ते म्हणतात तक्रार एकही नाही. गटप्रमुखांना विचारलं, ते म्हणतात तक्रार एकही नाही. सगळे गटप्रमुख कालव्याच्या तोंडाशी राहतात. मी यादी काढून बघितली तेव्हा कळलं. सगळेच्या सगळे, रत्ना. आणि सगळे माझ्या पक्षाचे. आता त्यांना हात लावला तर सहा मतांचं सरकार सहा दिवस टिकणार नाही. देशाचा प्रमुख झालोय आणि एका बाईकडून एक खरं वाक्य काढून घेता येत नाही. मागच्या आठवड्यात मार्थाला परत बोलावलं. गाडी पाठवली. ती नवीन साडीसारखं काहीतरी नेसून आली, माझ्या कार्यालयात बसली आणि पुन्हा म्हणाली, सगळ्यांना सारखं मिळतं.

त्या रात्री जुनी ट्रंक उघडली. फॉर्म सगळे आहेत, गावभरच्या विहिरींचे मिळून एकशे बारा. साळुबाईंचा सात नंबरचा. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. चौदावा प्रश्न बघ. 'पाण्याच्या वाटणीबद्दल तक्रार?' पुढे तुझ्या अक्षरात 'नाही'. पण त्याच्या आधी एक ओळ खोडलेली आहे. इतकी गिरवून खोडली आहे की कागद फाटलाय. तुझी खाडाखोड कधीच नसायची. एकशे बारा फॉर्मांत ही एकच आहे आणि पस्तीस वर्षांत मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

जूनच्या पत्रात तू लिहिलंस की तू गप्प बसलीस. इथे तर काहीतरी लिहिलं होतंस. काय लिहिलं होतंस?

वासू


खोडद
१६ ऑक्टोबर २०२५

वासूदादा,

मी अर्धंच सांगितलं होतं. बापाचं सांगून मोकळी झाले, माझं ठेवून घेतलं. आता तेही घे.

त्या दिवशी साळूकाकीनं तुझ्यासाठी हुलग्याची शेंगोळी केली होती. तू दोनदा मागून घेतलीस. तू जेवत होतास आणि मी बाजूला बसून फॉर्म भरत होते. चौदावा प्रश्न मी हळू आवाजात विचारला. ती चुलीपाशी होती. तिनं तुझ्या ताटाकडे बघितलं आणि तितक्याच हळू मला म्हणाली, "पावणा जेवून जाऊ दे. मग सांगते." मी ते जसंच्या तसं लिहिलं, कारण तूच शिकवलं होतंस, माणूस बोलेल ते लिहायचं. घरी आल्यावर वडिलांनी फॉर्म चाळले. ती ओळ बोटानं दाखवली आणि गेले. मी ती खोडली आणि 'नाही' लिहिलं. बापानं खोडली असती तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मी खोडली.

झेरॉक्स हातात घेऊन मी काल अवसरीला गेले. सकाळच्याच एसटीनं, कारण हल्ली बिबट्यामुळे दिवस कलला की उसाच्या कडेनं कुणी चालत नाही. साळूकाकी ब्याऐंशीची झाली. ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, "काकी, तो बेटावरचा पावणा आठवतो का?"

"न आठवाया काय झालं? सावळा, लई खायचा."

"तो आता तिकडचा राजा झालाय म्हण ना."

तिनं लसूण खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मग? जेवला का न्हाई आजून?"

दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला सगळं आठवत होतं. म्हणाली, "मी म्हनलं व्हतं, जेवून जाऊ दे, मग सांगते. तुमी दोघं उठून गेला. मी आठ दिस वाट बघितली. म्हनलं, रत्ना येईल इचारायला. मग म्हनलं, आसू दे, तिचाच बाप हाये."

मी तिच्या पायावर हात ठेवले. तिनं ते झटकले. "आता काय रडतीस? कालव्याचं पानी आलं. माजं झालं गेलं."

मी तिला तुझी अडचण सांगितली. मार्थाचं सांगितलं. गटप्रमुखाच्या घरच्या जेवणाचं सांगितलं, गाडी पाठवून बोलावल्याचं सांगितलं. ती हसायलाच लागली. मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, एकही अक्षर न खोडता:

"त्याला म्हनावं, त्या बाईला गाडीत घालून बोलवू नको. वरच्या घरी उतरलं की वरचंच पानी दिसतं. इचारून काय व्हतंय? तू खालच्या घरी उतर. चार दिस ऱ्हा. तिच्या घरी आंघूळ कर, तिच्या घरी जेव. मंग काय इचारायचं कामच पडायचं न्हाई. आन् आमच्या घरी उतरला आसता तर गुरवारी त्याला आमीच दाखवला आसता गाळ, हातात घिऊन."

पस्तीस वर्षांत तुला एवढंही कुणी सांगितलं नाही, दादा, आणि त्यात मीही आहे.

येताना विहिरीवर गेले. बोर्डावर बाळासाहेबाचं नाव तुझ्यापेक्षा मोठं आहे. मी पिशवीतून खडू काढला आणि खाली ठळक लिहिलं, 'गुरुवारी कोरडी.' तासाभरात त्याचा फोन. "आक्का, डोकं फिरलं का तुमचं? आपल्या बापाची अब्रू घालवताय!" मी म्हटलं, पुसलंस तर परत लिहीन, बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिण्यात गेलीत माझी. त्यानं पुसलं. मी सोमवारी परत जाणार आहे.

तुझी,
रत्ना


बोआ-सेक, तामारे
११ नोव्हेंबर २०२५

रत्ना,

शेवटच्या घरी उतरलोय. मार्थाच्या. हा तिसरा दिवस. गटप्रमुख दोनदा येऊन गेला. त्याच्याकडे माझ्यासाठी पलंग, पंखा, सगळं तयार आहे म्हणतो. पक्षाचे दोघं कालपासून फोन करतायत की मी त्यांना तोंडघशी पाडतोय. सचिवानं पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणले होते, ते परत पाठवले. सरकार पडलं तर पडू दे, असं मी मोठ्यानं म्हणालो खरा, पण आतून भीती वाटते. तुला खोटं कशाला सांगू?

काल या शेताचा वार होता. सकाळपासून पाटाच्या कडेला मार्थाबरोबर बसून होतो. चारच्या सुमाराला पाणी आलं. पायाचा घोटाही बुडला नाही, आणि पाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन जिरलं. मी काही विचारलं नाही.

आज दुपारची जेवायची वेळ टळून गेली आहे. ही बाई तांदूळ घेऊन बसली आहे, पण ते धुवायला पाणी नाही. पोरगी हंडा घेऊन वरच्या गावाला गेली आहे, ती यायला तासभर तरी लागेल. पाहुण्याला आधी जेवू घालायचं तिला जमलेलं नाही, म्हणून ती अवघडून बसली होती. आणि आता बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता, तिनं बोलायला सुरुवात केली आहे.

साळुबाईंना सांग, पावणा अजून जेवला नाही. पत्र इथेच थांबवतो, मला ऐकायचं आहे.

वासू